मिठाचा संयम

माणूस जगतो तो जिभेवर. उरलेला देह म्हणजे त्या जिभेची निव्वळ वाहतूक-व्यवस्था. हे वाक्य सुदर्शनच्या घरी फ्रिजच्या दारावर लॅमिनेट करून लावलेलं होतं. दाराच्या आत अर्धं लिंबू, परवाची खिचडी आणि मुलीची नेलपॉलिशची बाटली होती. वाक्य शिवराज कोरडे यांचं. कोरडे सरांचं 'उष्टावण' हे सदर अकरा वर्षं दर रविवारी पुरवणीच्या तिसऱ्या पानावर येत होतं, वधू-वर सूचकाच्या अगदी शेजारी; त्यामुळे अनुरूप स्थळ शोधणारी बरीच मंडळी नाइलाजानं खवय्यांत जमा झाली होती. सुदर्शनला स्थळ शोधायचं नव्हतं. तो सदर कापायचा, कोपऱ्यात तारीख घालायचा आणि फाइलला लावायचा. वाळूजच्या कंपनीत बावीस वर्षं तपासणी खात्यात काढल्यावर माणसाला एवढं तरी येतंच.

तर शनिवारी सकाळी अकरा वाजता, शहागंजच्या मागच्या एका गल्लीत, नान-खलियाच्या हॉटेलात तो कोरडे सरांच्या समोर बसला होता. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता आणि आल्या आल्या त्याला बारीकशी ठेच लागली. पेपरनं 'चवफेरी' नावाचं काहीतरी काढलं होतं: सरांबरोबर एक दिवस, सहा निवडक वाचक. निवडले सहा, आले तीन. एक सुदर्शन. दुसरी श्रेया, ही कॉलेजात शिकत होती आणि ताटात आलेली कुठलीही वस्तू मोबाइलला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नव्हती. तिसरा सम्यक, छावणीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, तिशीतला, हसरा. तो आल्यापासून एवढंच म्हणाला होता की त्याला भूक लागली आहे, आणि ते या मंडळीत जरा उघडंवाघडं वाटलं होतं. सरांनी पिवळ्या नानचा तुकडा मोडला, मटणाच्या खलियाच्या लाल तर्रीत बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. सगळे थांबले. पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. तो मुळात बंदच होता. "धूर," सर म्हणाले. "लाकडाचा नाही. कोळशाचाही नाही. हा काळाचा धूर आहे. तीन पिढ्या एका हंड्यात बसल्याहेत." श्रेयानं ते टिपून घेतलं. तेवढ्यात गल्ल्यावरचा म्हातारा उठून आला, ताटलीवर वाकला, नाक ओढून हुंगला आणि म्हणाला, "अरे साब, ये तो नीचे से लगेला है. गलती से आपकू आ गया. ठैरो, बदल के देतूं." सरांनी डोळे उघडले नाहीत. "राहू द्या चाचा. हाच तर." म्हाताऱ्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा सुदर्शनकडे पाहिलं. सुदर्शनकडे जरा जास्त वेळ पाहिलं, जसं आजाऱ्याबरोबर आलेल्या माणसाकडे पाहतात.

"करपलंय म्हणतायत ते, सर," सम्यक म्हणाला.

"करपणं ही चुलीपुढची भाषा झाली, सम्यकजी. आपण पानापुढच्या भाषेत बोलतोय."

सुदर्शननं घास घेतला. जिभेनं ताबडतोब सांगितलं: करपलं. जीभ काही विचारल्याशिवाय बोलली याची त्याला लाज वाटली. कंपनीच्या गेटवर गावाकडचा चुलता धोतर सावरत येऊन सगळ्यांदेखत नावानं हाका मारायला लागला की वाटते तशी. त्यानं घास फिरवला, पुन्हा फिरवला, काळ शोधला, तीन पिढ्या शोधल्या. सापडतील असं वाटलं. मांडीवर बॅग होती, बॅगेत स्टीलचा डबा होता, डब्याची ऊब पँटमधून मांडीला लागत होती, आणि त्या उबेशी त्याची बायको सरिता बसलेली आहे असं त्याला उगीचच वाटलं. डब्यात येसराची आमटी होती. भाजलेली बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मसाले एकत्र दळून ठेवलेलं पीठ म्हणजे येसर; ते उकळत्या पाण्यात सोडायचं, वरून लसणाची फोडणी. लग्नाच्या पंगतीची आमटी. सरिता ते पीठ चार वर्षं घरच्या घरी करून कॉलनीत विकत होती, आणि आता टी.व्ही. सेंटरच्या रांगेतला एक गाळा रिकामा झाला होता. आमटी-भाकरी, बाकी काही नाही, असं तिचं ठरलं होतं. म्हणजे ठरलेलं नव्हतं. गाळेवाल्याला आज संध्याकाळपर्यंत हो का नाही ते सांगायचं होतं आणि तिला त्याआधी नवऱ्याचा शब्द हवा होता. सुदर्शनचं म्हणणं, शब्द सरांचा घेऊ.

सकाळी तिनं पळीभर आमटी त्याच्या तळव्यावर घातली होती. "अहो, आज माझा शनवार हाय. मला चाखता येत नाय. मीठ तेवढं बघा." त्यानं डोळे मिटले होते. कोरडे सरांनी चौथ्या वर्षी एका सदरात लिहिलं होतं की मीठ हा चवीचा पहारेकरी आहे. अडाणी माणूस पहारेकऱ्याशी गप्पा मारत दारातच उभा राहतो, जाणकार त्याला हातानं बाजूला सारून घरात शिरतो. सुदर्शननं पहारेकऱ्याला बाजूला सारलं होतं. तो आज विशेष आडवाही आला नाही. आत बाजरी होती, डाळ होती, कुठंतरी खोलवर दगडफूल होतं. काहीतरी एक नव्हतंही, पण नसणं हेही चवीचं एक दालन असतं, असं सरांनीच सातव्या वर्षी लिहिलं होतं. "काय झालं? झोपलात का?" सरितानं विचारलं. "थांब. खोलात आहे काहीतरी." "खोलात काय आसंल? पळीभर आमटी ती. मीठ सांगा." "सरांना दाखवतो." "सरांचा काय संबंध? दुकान मला टाकायचंय. तुम्ही सांगा ना, जमंल का मला, नाय जमायचं?" "सर काय म्हणतात ते बघू, मग ठरवू." डब्याचं झाकण तिनं लावलं ते एवढं घट्ट की आता हा डबा कुणाला उघडणार नाही असं त्याला वाटलं. "बघा मंग," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

चार वर्षांत तिनं हे तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा त्याला उत्तर सुचलं नव्हतं असं नाही. सुचलेलं उत्तर फार आखूड होतं. चांगली आहे. बस, एवढंच. हे म्हणजे गेज झाला. कंपनीत त्याच्या हातात दिवसभर एक लोखंडी गेज असे. भोकात गेला तर माल पास, नाही गेला तर लाल पेटीत. गेजला विशेषणं नसतात. बावीस वर्षं हो-नाही, हो-नाही करून त्याचं डोकं एखाद्या दाराच्या बिजागरीसारखं झालं होतं, आणि म्हणून रविवारी सकाळी सरांचा एकेक शब्द त्याला तेलासारखा वाटे. 'अंतर्मुख वांगं.' 'वैधव्य पत्करलेली भाकरी.' त्यानं पैठण गेटच्या एका हॉटेलात ते अंतर्मुख वांगं तीनदा खाल्लं होतं आणि तिन्ही वेळा त्याला पित्त झालं होतं. पित्ताचा दोष त्यानं स्वतःकडे घेतला. घरी सरिता नुसतं 'भरलं वांगं' करायची. त्यात अंतर्मुख काही नव्हतं, दाण्याचं कूट होतं. तो जेवताना गप्प बसायला लागला, आणि ती विचारायची थांबली, आणि दोघांनाही तो संसार मुरल्याचा पुरावा वाटला.

दुसरा मुक्काम सिडकोत, कॅनॉटच्या बाजूला, नुकत्याच उघडलेल्या एका हॉटेलात. तिथं भिंती सिमेंटच्याच ठेवल्या होत्या आणि त्याचे वेगळे पैसे पडले असावेत अशी तिथल्या सगळ्यांची वागणूक होती. पिठलं आलं ते काचेच्या छोट्या पेल्यात, वर भाकरीचा एक त्रिकोण, टोक खाली करून, जसं काही भाकरीनं पिठल्यात सूर मारला होता आणि मध्येच विचार बदलला होता. मिरचीचा ठेचा चमच्याच्या पाठीनं ताटलीवर ओढला होता. "पुसायचं राह्यलं वाटतं," सम्यक म्हणाला. श्रेया हसली, मग सरांकडे पाहून हसायची थांबली. सर त्रिकोणाकडे बघत होते. "इथं भाकरीला पहिल्यांदा तिची भूमिती सापडली," ते म्हणाले. सुदर्शनला आपला बाप आठवला.

आठवला म्हणजे, बापानं आत्ता इथं काय केलं असतं ते दिसलं. आप्पासाहेबांनी पेला उचलून आत पाहिलं असतं आणि विचारलं असतं, बाकीचं कुठंय? गावी, पिशोरात, आप्पासाहेब मीठ बघणारे होते. हे काही पद नव्हतं, पण त्यांच्याशिवाय पंचक्रोशीत लग्नाची पंगत बसत नसे. आमटीचं मोठं तपेलं उतरलं की कुणीतरी पळत यायचं, 'आप्पा, मीठ बघा'. आप्पा जायचे, तळव्याच्या खळग्यात आमटी घ्यायचे, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा भुरका मारायचे, हात उपरण्याला पुसायचे आणि एकच शब्द बोलायचे. 'बसवा.' की बसली पंगत. किंवा 'अळणी.' की थांबली. तात्यासाहेबांच्या, म्हणजे गावच्या सगळ्यात मोठ्या घरच्या लग्नात दुपारचे तीन वाजले होते, पाचशे माणूस मांडी घालून पत्रावळीकडे बघत होतं, आणि आप्पा म्हणाले, अळणी. तात्यासाहेब स्वतः उठून आले. "आप्पा, बसू द्या आता. लोक वरून घेतेल की मीठ." "वरून घेतलेलं मीठ वरच ऱ्हातं, तात्या," आप्पा म्हणाले, आणि तपेल्याजवळ उभे राहिले. हलले नाहीत. मीठ आणलं, विरघळलं, उकळी फुटली, पुन्हा भुरका, बसवा. पाचशे माणसांनी तेवढा वेळ आप्पांकडे पाहिलं आणि मग त्यांच्या शेजारी उभ्या बारा वर्षांच्या सुदर्शनकडे पाहिलं. त्याला त्या दिवशी कळलं की आपल्या बापाला दोनच शब्द येतात. पुढं शहरात आल्यावर, नोकरी, लग्न, फ्लॅट सगळं झाल्यावर, रविवारची पुरवणी उघडून त्यानं पहिलं 'उष्टावण' वाचलं तेव्हा त्याला वाटलं, असा असायला हवा होता. कोण असा असायला हवा होता ते त्यानं मनाशीसुद्धा पुरतं म्हटलं नाही.

शेवटची दोन वर्षं आप्पा इथंच होते, फ्लॅटमधल्या मधल्या खोलीत. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. रोज ताट यायचं, रोज आप्पा पहिल्या घासाला 'अळणी' म्हणायचे, आणि रोज सगळं संपवायचे. त्यात तक्रार नव्हती. हजेरी होती. सुदर्शन त्यांना रविवारी सदर मोठ्यानं वाचून दाखवायचा, बापाला सुधारण्याची शेवटची संधी म्हणून असेल. आप्पा भिंतीकडे बघत ऐकायचे. एकदा पूर्ण ऐकून झाल्यावर म्हणाले, "लई चांगलं लिवतो गडी. पर मीठ कसं व्हतं ते लिवलंच नाय ह्यानं." सुदर्शननं फाइल मिटली होती. त्याला आठवतं, तेव्हा त्याला बापाची कीव आली होती, आणि ती कीव त्याला बरी वाटली होती.

"अंकल, तुम्ही काही खातच नाही आहात," श्रेया म्हणाली. त्यानं भाकरीच्या त्रिकोणाचं टोक मोडलं. गार होतं.

चारच्या सुमाराला मंडळी हर्सूलच्या तलावाच्या बांधावर आली. इथं चहा घेत सर समारोप करणार होते. पाणी उतरलं होतं, कडेला गाळाला भेगा पडल्या होत्या, आणि सर त्या भेगांकडे बघून पापडाबद्दल काहीतरी म्हणाले. सुदर्शननं बॅग उघडली. डबा दोनदा निसटला, झाकण मुळीच निघेना. शेवटी सम्यकनं तो घेतला, गुडघ्यात धरला आणि पीळ देऊन उघडला. "वहिनींनी तिजोरी दिलीय का डबा?" तो म्हणाला. "सर, घरचं आहे," सुदर्शन म्हणाला. त्याचा आवाज त्याला पिशोरचा वाटला. "मिसेसचं येसर. तिला दुकान टाकायचंय. तुम्ही फक्त... म्हणजे तुमचा शब्द." चहाचे कागदी पेले होते, त्यातच आमटी ओतली. सरांनी पेला नाकाशी नेला, तलावाकडे पाहिलं, घोट घेतला. डोळे मिटले.

आता बांधावर वारा होता, पलीकडून म्हशी येत होत्या, आणि सुदर्शनला सरांच्या गळ्याची घाटी खाली जाऊन वर आलेली दिसली. बावीस वर्षांत एखाद्या भोकात गेज सरकताना त्यानं एवढं निरखून पाहिलं नव्हतं. गाळेवाला नव्हता, सरिता नव्हती, आमटीही नव्हती. फक्त ती मिटलेली पापणी होती आणि तिच्याखाली बुबुळ हलत होतं. मग सरांनी पेला पुढं केला. "अजून थोडी." दुसरा पेला घेतला. "सुदर्शनजी," ते म्हणाले, "मी या शहरात अकरा वर्षं जेवतोय. मिठाचा असा संयम मी कुठं पाहिला नाही. मीठ आहे, पण ते स्वतःला पुढं करत नाही. ते मागं उभं राहून डाळीला बोलू देतंय. हे करायला फार मोठं मन लागतं." सुदर्शनला डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. आलंच होतं. त्याला एकदम सरिताचे हात दिसले, भाजल्याचे डाग असलेले, आणि त्या हातांत एवढं मन आहे हे आपल्याला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नाही याचा राग आला.

श्रेयानं फोटो काढला, एक घोट घेतला आणि इकडंतिकडं पाहिलं. "अंकल, लोणचं वगैरे आहे का?" सम्यकनं आपला पेला संपवला, मग खिशातून फरसाणाची पुडी काढून दुसऱ्या पेल्यात अर्धी रिकामी केली. "भूक लागली होती," तो सुदर्शनला म्हणाला, जरा ओशाळून. मग आणखी काहीतरी म्हणावं असं त्याच्या मनात आलं असावं. "दादा, वहिनींना सांगा..." तो म्हणाला, पण सरांनी तेवढ्यात समारोप सुरू केला होता. सुदर्शननं स्वतः आमटी घेतली नाही. त्याची गरज नव्हती. तिची चव आता लागलेली होती.

घरी पोचला तेव्हा साडेसहा झाले होते. सरितानं दिवा लावला होता, केस बांधले होते आणि ती ओट्याशी शेंगदाणे निवडत होती. उपास सोडायचा होता. त्यानं डबा ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं: बांध, पेला, मिटलेले डोळे, अजून थोडी. सांगताना त्याच्या लक्षात आलं की तो सरांसारखा थांबून थांबून बोलतोय. "मिठाचा संयम म्हणाले."

"म्हंजे?"

"म्हणजे मीठ असतं, पण मागं उभं राहतं."

"कुणाच्या मागं?"

"डाळीच्या."

सरितानं डब्यात उरलेली आमटी पातेल्यात ओतली, गरम केली. देवाला हात जोडून आली. मग पळीनं तळव्याच्या खळग्यात आमटी घेतली, जशी सासऱ्यानं दोन वर्षं मधल्या खोलीत बसून तिला घ्यायला शिकवली होती, आणि भुरका मारला. उभीच राहिली. नळाचा थेंब पडत होता तो तिनं एका हातानं बंद केला.

"सकाळी तुम्ही चाखली व्हती ना?"

"चाखली की."

"आन् साहेबांनी?"

"दोनदा मागून घेतली. त्या पोरीनं फोटो टाकलाय. तीनशे लोकांना आवडलीय."

"फोटोतली?"

"हो."

सरितानं पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं ती रडते आहे, आणि त्याबद्दल काय म्हणायचं ते त्यानं रिक्षात तयारही केलेलं होतं. पण ती हसत होती. स्टुलावर बसून, एक हात पोटाला लावून हसत होती. असं ती लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची, पुढं बंद झालं, केव्हा झालं ते त्यानं पाहिलं नव्हतं. मुलगी खोलीतून डोकावून गेली. हसणं संपल्यावर सरितानं डोळे पुसले, फोन उचलला आणि गाळेवाल्याला लावला. "हॅलो, भाऊ. घेते मी गाळा. व्हय, नक्की. नाय नाय, आता कुणाला इचारायचं राह्यलं नाय. ह्या शहरात चालतंय माझं दुकान." फोन ठेवून ती कणीक काढायला वळली.

"काय झालं ते सांगशील का?" सुदर्शननं विचारलं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि पळी त्याच्यापुढं धरली.

त्यानं हात पुढं केला. तळव्यावर गरम आमटी पडली. सवयीनं डोळे मिटले, तर आत बांध होता, सर होते, डाळीच्या मागं कुणीतरी अदबीनं उभं होतं. त्यानं डोळे उघडले. समोर ओटा होता, त्यावर मिठाची बरणी होती, सरिता पाठमोरी परात पुसत होती. त्यानं भुरका मारला. नको इतका मोठा वाजला. मग त्यानं तोंडातल्या तोंडात सरांचा एखादा शब्द शोधला, दुसरा शोधला, अकरा वर्षांच्या फाइली भराभर चाळल्या.

आमटी अळणी होती.